रक्तदाबाचे माप व त्यातील खोट
यावल-रावेरचा बागाईतदार केळीचे घड तोलण्यापूर्वी काटा पारखून घेतो. मात्र दंडास रक्तदाबाचा पट्टा बांधिला असता तोच निमूट बसतो, हे नवल होय! पट्ट्याची ही युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढिली. नळीने आवाज ऐकण्याची रीत रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ साली जोडिली. कष्टाने भरलेल्या दंडास अरुंद पट्टा बांधिल्यास आकडा वाढून दिसतो, व निरोग्यासही औषध लागण्याचे भय असते. तबकडीचे यंत्र आपटल्याने बिघडते. हवा काढल्यावर काटा शून्यावर न आल्यास ते माप मानू नये. शून्यावर आला तरी यंत्र बिनचूक ठरतेच असे नाही. ते वेळोवेळी प्रमाणयंत्राशी ताडावे लागते. धुळ्याच्या बाजारातून धावतपळत आलेल्याने पाच मिनिटे स्वस्थ बसून, दंड छातीच्या पातळीस टेकवूनच माप घेववावे. यंत्र केव्हा ताडिले, असे डॉक्टरांस विचारण्यात अनादर मुळीच नाही.