पडण्याचे निमित्त

"पडण्याचे निमित्त झाले आणि आजी गेल्या," हे वाक्य आपण समाचाराला गेल्यावर अनेकदा ऐकतो. त्यातला 'निमित्त' हा शब्द वैद्यकाच्या दृष्टीनेही फार नेमका आहे. पडणे हे निमित्त. कारण आधीपासून शरीरात मुरलेले असते. 'जराजर्जर' हा आपला जुना शब्द. आजच्या वैद्यकात या अवस्थेला 'फ्रेल्टी' म्हणतात.

तरुण माणसाच्या हृदयात, मूत्रपिंडात, स्नायूंत रोजच्या गरजेहून कितीतरी अधिक ताकद शिल्लक असते. वयाबरोबर ही शिल्लक घटते. ती संपत आली तरी माणूस घरात हिंडताफिरता दिसतो. पण चार जुलाब, लघवीचा साधा संसर्ग किंवा झोपेची एखादी नवी गोळीदेखील त्याला अंथरुणाला खिळवते. मात्र वय म्हणजेच जर्जरता नव्हे. पंच्याऐंशीव्या वर्षी शेतावर जाणारे आजोबा असतात, तसे पासष्टीतच खुर्चीतून उठताना हात टेकणारेही असतात. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली पाच खुणा सांगितल्या: आपोआप वजन घटणे, थकवा, हाताची पकड कमजोर होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन आढळल्या की माणूस जर्जर समजावा.

कॅज्युअल्टीत घोटाळा होतो तो येथे. तेथील व्यवस्था एका तक्रारीमागे एक रोग या हिशेबाने चालते. जर्जर रुग्णाची तक्रार मात्र मोघम असते: 'कालपासून उठत नाहीत', 'जेवत नाहीत', 'भलतेच बरळतात'. न्यूमोनिया असून ताप नसतो; हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत कळ नसते. अशा अचानक बरळण्याला जुनी माणसे 'वात झाला' म्हणत आणि घाबरत. आपण सुशिक्षित मंडळी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो! वास्तविक दोन दिवसांत बिघडलेली बुद्धी हे म्हातारपण नव्हे, तो आजार होय. आणि मूळ कारण सापडले तर तो पुष्कळदा उतरतो.

म्हणून 'आज काय होते?' याबरोबरच 'पंधरा दिवसांपूर्वी कसे होते?' हेही विचारावयास हवे. कॅनडातील केनेथ रॉकवुड यांनी २००५ साली मांडलेली मोजपट्टी अशाच प्रश्नावर उभी आहे. बाजारहाट, स्वयंपाक, आंघोळ स्वतः करतात काय, यावरून पायरी ठरते. यंत्र लागत नाही, घरचे माणूस लागते. परंतु पट्टीचा उलटा उपयोगही होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या धामधुमीत, इंग्लंडमधील 'नाइस' या संस्थेने अतिदक्षता विभागाचे निर्णय घेताना ही पट्टी वापरण्यास सांगितले. अपंग तरुणांनाही ती लावली जाईल असा आक्षेप आला आणि थोड्याच दिवसांत सूचना सुधारावी लागली. अधिक काळजी कोणाला हवी हे शोधणाऱ्या पट्टीनेच दार लावून घ्यावे, हे मला तरी पटत नाही.

दाखल झाल्यावर पुढचा शत्रू म्हणजे खाट. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस खाटेवर ठेवले, तर पायांतील जवळजवळ एक किलो मांस झडले. आजारी माणसाचे काय होत असेल! एवढ्यासाठी शक्य तितक्या लवकर रुग्णाला बसवावे, चालवावे. आणि नातेवाइकांनी दवाखान्यात धावताना रिपोर्टांच्या पिशवीबरोबर सगळ्या गोळ्या, चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्रही घ्यावे. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, तो परक्या खोलीत रात्री लवकर भ्रमतो.