जुन्या जीपच्या आंसाचा हिशेब



जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य तिचें एंजिन कान देऊन ऐकतो, टायर दाबून पाहतो, पत्र्याचा गंज नखानें खरवडतो. परंतु मागच्या दोन चाकांच्या दरम्यान आंसावर जो भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटांत काय आहे हें विचारण्याचें सहसा कोणाला सुचत नाहीं. आज मी त्या गोळ्याविषयींच बोलणार आहें.

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी माझ्याकडे कोडें घेऊन आला. त्याच्या घरीं वडिलांच्या वेळची एक जीप आहे. तिचा मागचा आंस मोडला, तेव्हां त्यानें जुन्या सामानाच्या बाजारांतून ‘जीपचाच’ म्हणून दुसरा आणून बसविला. बसला अगदीं चपखल. चिखलांत चारी चाकें जोडलीं कीं गाडी बरी चाले; पण तशीच डांबरी रस्त्यावर आली कीं जड होई, टायर कुरकुरत, आणि चारी चाकें जोडणारा दांडा कांहीं केल्या सुटत नसे. “गुरुजी, गाडींत भूत शिरलें आहे कीं काय?” त्यानें विचारलें. मीं म्हटलें, भूत नसावें; त्रैराशिक असावें.

एंजिनाची शक्ति एका लांब फिरत्या दांड्यानें मागें येते. त्याला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकाला पिनियन नांवाचें लहान दंतचक्र असतें. तें क्राऊन नांवाच्या मोठ्या दंतचक्राला फिरवितें, व क्राऊन चाकांना. मोठ्याचे दांते भागिले लहानाचे दांते, हें त्या आंसाचें गुणोत्तर. आंकडा मोठा असला तर ओढ अधिक, वेग कमी. लहान असला तर उलट. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या काळांत, विलिस व फोर्ड या कंपन्यांनीं सैन्यासाठीं ज्या जीपा बनविल्या, त्यांच्या आंसांत ८ दांत्यांचा पिनियन व ३९ दांत्यांचा क्राऊन असे; गुणोत्तर ४.८८. युद्ध संपतांच १९४५ मध्यें विलिसनें शेतकऱ्यासाठीं सी.जे.-२ए ही जीप काढली. तिला नांगर ओढावयाचा होता, म्हणून क्राऊन ४३ दांत्यांचा झाला व गुणोत्तर ५.३८. भारतांत सैन्याच्या शिल्लक जीपाही विकल्या गेल्या, आणि पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईंत नागरी जीपांची जुळणीही केली. त्यामुळें दोन्ही घराण्यांचे आंस भंगाराच्या एकाच ढिगांत शेजारीं शेजारीं पडलेले आढळले, तर त्यांत नवल नाहीं. नुसत्या बाहेरच्या रूपावरून गुणोत्तर ओळखणें धोक्याचें.

गोळ्याच्या झांकणाच्या बोल्टखालीं कधीं कधीं धातूची लहान पट्टी असते, व तिच्यावर दांत्यांची संख्या ठोकलेली असते. ती सांपडली तर उत्तमच. पण पट्टी हरवते, किंवा आंतलीं चक्रें बदलूनही जुनीच पट्टी वर राहते. झांकण उघडून दांते मोजणें हा खात्रीचा मार्ग, परंतु त्यासाठीं तेल काढावें लागतें. आम्हीं खडूच्या दोन खुणांवर काम भागविलें.

पुढच्या चाकांना पुढून व मागून भक्कम ठोकळे लावले. मागचें एकच चाक जॅकनें उचलून आंसाखालीं लोखंडी घोडी दिली. गिअर न्यूट्रलमध्यें, चार चाकांचा दांडा सुटा, आणि हँडब्रेक सोडलेला. या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवरच असतो. तो ओढलेला असला तर शाफ्ट फिरणारच नाहीं. म्हणूनच ठोकळ्यांत कसूर करूं नये, व गाडीखालीं कोणीं शिरूं नये. शाफ्टवरची खूण बाजूला बसूनही दिसते. चाकाला व शाफ्टला खडूची एकेक खूण केली. चक्रांत थोडा सैलपणा असतोच, म्हणून चाक आधीं किंचित् फिरवून तो काढून घेतला व मग मोजणीस आरंभ केला.

येथें पुष्कळांचा हिशेब चुकतो. आंसाच्या मध्यभागीं डिफरन्शियल असतें, आणि क्राऊनचे फेरे हे नेहमीं दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी असतात. एक चाक जमिनीवर स्थिर आहे, म्हणजे त्याचे फेरे शून्य. तेव्हां उचललेलें चाक दोनदां फिरेल तेव्हां क्राऊन एकदां फिरेल. दोन्ही चाकें उचलावीं असें वाटेल. पण मग एक पुढें ढकलावें तों दुसरें उलटें फिरूं लागतें आणि शाफ्ट स्वस्थ! एक चाक खालीं ठेवणें बरें.

चाकाच्या दोन फेऱ्यांना शाफ्टचे एका आंसांत पावणेपांचाहून थोडे अधिक, तर दुसऱ्यांत साडेपांचाहून थोडे कमी. अर्ध्या फेऱ्याचा हा फरक घाईंत निसटतो. म्हणून आम्हीं सोळा फेरे दिले. क्राऊनचे आठ झाले, आणि पिनियनला दांते आठच. म्हणजे शाफ्टचे फेरे थेट ३९ किंवा ४३, अपूर्णांक नाहींच. तो चाक फिरवून मोठ्यानें मोजी, मी शाफ्टकडे पाहून मनांत. सोळाव्या फेऱ्याला दोन्ही खुणा एकदम जागेवर आल्या. माझा आंकडा ३९. पुढच्या आंसावर तोच प्रयोग केला (या वेळीं ठोकळे मागच्या चाकांना), आंकडा ४३.

भूत सांपडलें. चारी चाकें जोडलीं म्हणजे पुढचा व मागचा शाफ्ट सारखेच फिरतात. ४३ फेऱ्यांत पुढचीं चाकें आठ वेळां फिरूं पाहतात, आणि मागचीं आठ पूर्णांक ब्याऐंशी शतांश. चिखलांत चाक थोडें घसरतें व भांडण मिटतें. डांबरावर घसरण्यास वाव नसतो, म्हणून सारा ताण शाफ्टांत व त्यांना जोडणाऱ्या गिअरपेटींत पिळासारखा सांठतो. दांडा सुटत नव्हता तो यामुळें. आणखी थोडे दिवस गेले असते तर एखादा दांता तरी तुटता. वेगदर्शकही खोटें बोलत होता: तो शाफ्टचे फेरे मोजतो, त्यामुळें गाडी खरोखर ४३ मैलांनीं धांवे तेव्हां हा ३९ दाखवी. धाकट्या मुलाला गाडी शिकवितांना याच आंकड्यावर आपण विसंबलों होतों, असें तो म्हणाला व गप्प झाला.

ज्या गाड्यांचा शाफ्ट नळींत झांकलेला असतो, जसें फोर्डचें मॉडेल टी, तेथें खूण करावी कशावर? स्पार्क प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, गाडी वरच्या गिअरमध्यें टाकावी. त्या गिअरांत एंजिनाचा व शाफ्टचा फेरा एकच असतो. म्हणून एंजिनाचे फेरे मोजले कीं झालें. मॉडेल टीचे दांते ११ व ४०. एक चाक खालीं ठेवून दुसऱ्याचे बावीस फेरे द्यावेत, म्हणजे एंजिनाचे चाळीस येतील.

माझ्या विद्यार्थ्यानें त्याच दिवशीं पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवला. आठ व त्रेचाळीसची जोडी तो अजून शोधीत आहे. क्राऊन व पिनियन कारखान्यांत एकमेकांशीं घांसून जुळविलेले असतात, तेव्हां एक येथून व एक तेथून आणून भागत नाहीं. बाजारांत जातांना तो आतां खिशांत खडू ठेवतो.