छतातली ओल आणि फुगणारे लोखंड

मुंबईत नळाचे पाणी गोठत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत 22 जानेवारी 1962 रोजी जो विक्रमी नीचांक नोंदवला गेला, तोही 7.4 अंश सेल्सियसच होता. तरीही पाइप फुटून घर भिजणे आणि ते पुन्हा राहण्याजोगे करणे, हा उद्योग डिलाईल रोड, लालबाग, परळ, गिरगाव या भागांतील जुन्या घरांना पुरेपूर परिचयाचा आहे. थंड मुलुखांत जे नुकसान एका रात्रीत होते, ते इथे वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने होत राहते, एवढाच काय तो फरक. दोन्हीकडची मोडतोड मुळात एकाच प्रकारची आहे, कारण बंदिस्त जागेत काहीतरी फुगते आणि त्या जागेच्या भिंती फोडते. तिकडे बर्फ फुगतो, इकडे गंज.

पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. मात्र पाइप नेमका बर्फ धरलेल्या जागीच फुटतो असे नाही. बर्फाचा बोळा पाइपात वाढू लागला की तो पुढच्या पाण्याला बंद नळाकडे रेटत जातो आणि त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून, बर्फापासून लांब असलेला एखादा कमजोर सांधा उकलतो. बाहेरचे तापमान साधारण उणे 7 अंशांखाली गेले की आवरण नसलेल्या पाइपांना हा धोका सुरू होतो. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात वीज गेली, घरे आतून थंड पडली आणि असंख्य घरांतील पाइप फुटले, ते असेच. डिसेंबरात घर बंद करून मुंबईला येणाऱ्या तिकडच्या मराठी कुटुंबांना घरातली ऊब किमान 13 अंशांच्या आसपास ठेवा आणि पाण्याची मुख्य चावी बंद करून निघा, असा सल्ला दिला जातो. कारण बर्फ वितळल्यानंतर रिकाम्या घरात वाहत राहिलेले पाणी बर्फापेक्षा कितीतरी अधिक नासधूस करते.

डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, ही गोष्ट वेगळ्या गतीने घडते. तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) स्थापन झाले, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे 1 रुपया कर बसवून त्याच्यासाठी पैसा उभा केला गेला आणि 50 हजार खोल्यांचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून 207 चाळी व सुमारे 16 हजार खोल्या झाल्या. त्यांपैकी 32 चाळी डिलाईल रोडच्या. तळमजला आणि वर 3 मजले, मजल्यावर 20 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची, शौचालये सामाईक, अशी त्यांची रचना होती. गिरण्यांतील कामगारांसाठी बांधलेल्या या इमारती लोखंडी सळयांच्या काँक्रीटच्या होत्या, आणि त्या काळी हे तंत्र मुंबईत नवे असल्यामुळे ते शंभर वर्षांनी कसे वागेल याचा अंदाज कोणालाच नव्हता.

सळई काँक्रीटमध्ये सुरक्षित का राहते, हे आधी पाहिले पाहिजे. ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. आम्ल-अल्कतेच्या मोजपट्टीवर, जिथे शुद्ध पाणी 7 वर असते, तिथे ते 12 ते 13 च्या दरम्यान येते, आणि अशा परिस्थितीत लोखंडाच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून ही अल्कता कमी करतो, त्यात समुद्रावरून येणाऱ्या हवेतले क्षार मिसळतात, आणि तो थर मोडतो. आता सळई गंजायला फक्त ओल आणि प्राणवायू हवा असतो, आणि वरच्या खोलीची मोरी ओल पुरवते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते, तेव्हा बर्फाचे 9 टक्के त्याच्यापुढे क्षुल्लक ठरतात. फुगलेला गंज खालचे काँक्रीट ढकलतो, सळईच्या रेषेत बारीक भेग पडते, भेगेतून अधिक पाणी शिरते, आणि एके दिवशी स्लॅबचा पोपडा पंख्याशेजारी खाली येतो. पडला तो पोपडा. दुखणे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच सुरू झालेले असते.

पाइपही याच रोगाने जातात. मुंबईत पाणी दिवसभर येत नाही. पालिकेचा चावीवाला ठरलेल्या वेळी चावी फिरवतो आणि त्या वेळात पिंपे भरून घ्यावी लागतात. त्यामुळे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांत रोज पाणी भरते आणि रोज ओसरते. ओसरल्यावर आत हवा शिरते, आणि ओले लोखंड व हवा यांचा हा नित्याचा सहवास पाइपाला आतून खातो. पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो तिथे तो एका सैल, मोठ्या नळीतून नेला पाहिजे, म्हणजे त्याची हालचाल आणि गळती दोन्ही स्लॅबला लागत नाहीत. पण जुन्या घरांत नंतर घातलेले नळ बहुधा थेट भोक पाडून सिमेंटने बुजवलेले आढळतात.

गळतीवर उपाय करण्यापूर्वी पाणी येते कुठून हे ठरवावे लागते, आणि दुरुस्तीचा सगळ्यात कसबाचा भाग हाच असतो, कारण पाणी स्लॅबमधून वाट मिळेल तसे सरकते आणि डाग मूळ जागेपासून चार-पाच फुटांवरही उमटू शकतो. छतावरचा पिवळट-तपकिरी कडा असलेला डाग काही दिवस वेळापत्रक मांडून पाहिला तर तो पुष्कळ बोलतो. नळाला पाणी येण्याच्या वेळी तो गडद होत असेल तर दोष दाबाच्या पाइपात. वरची मंडळी गावी गेल्यावर वाळत असेल आणि आल्यावर आंघोळी-धुण्यांनंतर पुन्हा ओला होत असेल तर दोष मोरीच्या लादीत किंवा नहाणी ट्रॅपच्या सांध्यात. आणि फक्त जून ते सप्टेंबरातच दिसत असेल तर तो गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. शंका उरलीच तर वरच्या मोरीचे तोंड बंद करून तिथे रंगीत पाणी तुंबवतात आणि खाली तो रंग उतरतो का ते पाहतात. वरच्या शेजाऱ्याला हे करू देण्यास राजी करणे मात्र कोणत्याही रंगाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पाइप अचानक फुटला असेल तर क्रम बदलतो. आधी चावी, मग विजेची मुख्य कळ; छत भिजलेले असताना पंखा किंवा दिवा चालू करणे जिवावर बेतू शकते आणि वायरमनने तपासल्याशिवाय ती कळ पुन्हा दाबू नये. त्यानंतरचे सगळे काम म्हणजे वेळेशी शर्यत, कारण भिजलेल्या वस्तूवर बुरशी धरायला 24 ते 48 तास पुरतात. कापसाची गादी आतपर्यंत भिजली असेल तर ती दोन-तीन कडक उन्हे मिळाली तरच वाचते. पावसाळ्यात ती टाकून देणेच शहाणपणाचे, कारण वरून कोरडी वाटणारी गादी आतून आंबत असते. प्लायवूडचे कपाट भिंतीपासून ओढून घ्यावे, त्याची मागची बाजू उघडी करावी. पाश्चात्त्य देशांत भिंती पोकळ आणि जिप्समच्या फळ्यांच्या असतात, त्यामुळे तिथे भिजलेली फळी कापून फेकतात आणि हवेतील बाष्प खेचणारी यंत्रे लावून आतला सांगाडा वाळवतात. इथल्या वीट-सिमेंटच्या भिंती कापता येत नाहीत, त्या पाणी पिऊन घेतात आणि सावकाश सोडतात. जुलैत हवाच ओलीचिंब असताना नुसत्या खिडक्या उघडून काही साधत नाही. पंखे आणि, असल्यास, वातानुकूलन यंत्रातील कोरडे करण्याची सोय सतत चालवावी लागते.

भिंत वाळत असताना तिच्यावर पांढरी भुकटी येते. विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, यालाच लोणा लागणे म्हणतात. हा लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा असतो. पाण्याने धुतल्यास तो पुन्हा आत जातो. याच टप्प्यावर गणपतीआधी रंग उरकण्याची घाई बहुतेक घरांत होते, आणि ओल्या भिंतीवरचा तो रंग दिवाळीच्या आत फुगे धरतो. रंगाचे दुकान या घाईवर चालते, असे म्हटले तरी फारसे चूक ठरणार नाही.

स्लॅबचे काम हातोडीने सुरू होते. गवंडी छत इंचाइंचाने ठोकत जातो. धड काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले बद्द वाजते. जिथे बद्द वाजेल तेवढा सगळा भाग, खाली टेकू देऊन, सळई पूर्ण मोकळी होईपर्यंत फोडला पाहिजे. गंज तारेच्या ब्रशने घासून काढतात, सळईवर गंजरोधक लेप देतात, आणि ती झिजून फारच बारीक झाली असेल तर शेजारी नवी सळई जोडतात. जुन्या-नव्या काँक्रीटची पकड बसावी म्हणून मध्ये चिकट द्रव्याचा हात मारून मग पॉलिमर, म्हणजे रबरासारखे द्रव्य मिसळलेला सिमेंटचा गिलावा थराथराने चढवतात आणि त्याला ठरावीक दिवस पाणी मारतात. वरची मोरी मात्र त्याआधी दुरुस्त व्हावी लागते: लाद्या उखडून, विटांच्या तुकड्यांचा उताराचा कोबा घालून, त्यात पाणी कोंडून दोन-तीन दिवस खाली थेंब येत नाही याची खात्री करून. खालच्या छताला गिलावा आणि वरची मोरी तशीच, ही दुरुस्ती नसून खर्चाची पुनरावृत्ती आहे; तरी ती सर्रास होते, कारण खालचे छत एकाचे असते आणि मोरी दुसऱ्याची.

खर्च कोणी करायचा, याचे उत्तर इमारतीच्या मालकीवर अवलंबून आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने, तर सदनिकेतील न्हाणीघर, शौचालय किंवा सिंकची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. शहर भागातील जुन्या, उपकर भरणाऱ्या इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते आणि ते दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. बीडीडी चाळी सरकारी मालकीच्या, म्हणून त्यांची निगा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. विम्याचे म्हणाल तर 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेले नुकसान भरून देते. वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या ओलीला मात्र ती अपघात मानत नाही, आणि मुंबईतले बहुतांश दुखणे नेमके तेच आहे.

डिलाईल रोडच्या चाळींच्या जागी आता म्हाडा बहुमजली इमारती उभारत आहे आणि 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे घर देत आहे. तिथे गळतीचे स्वरूप बदलेल. उंच इमारतीत दर 10 मीटर खाली येताना पाण्याचा दाब सुमारे 1 किलो प्रति चौरस सेंटीमीटरने वाढतो, म्हणून खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात आणि त्यांची देखभाल चुकली तर सांधे निसटतात. चाळीत पाइप भिंतीवर उघडा होता आणि तो पाझरू लागला की सगळ्या मजल्याला दिसत असे. नव्या घरात तो लादीमागे आणि शोभेच्या छतावर दडलेला असेल. म्हणून घराचा ताबा घेतानाच पाइपांच्या मार्गाचा नकाशा मागून घ्यावा, आपल्या घराची मुख्य चावी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे, आणि शोभेचे छत करून घेतलेच तर मोरीखालच्या भागात एक उघडता येणारी फळी ठेवण्यास सुताराला सांगावे.