भू-भू, म्याऊ आणि कानाची कटकट!

मांजराच्या कानातले किडे मुद्दाम स्वतःच्या कानात सोडणारा माणूस माहीत आहे का? अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातले व्हेट रॉबर्ट लोपेझ! मांजराच्या कानातला मळ, जिवंत माइट्ससकट, त्यांनी थेट आपल्या डाव्या कानात घातला. लगेच आत खरखर सुरू. मग खाज, मग दुखणं. रात्री पाहुण्यांचा धुडगूस वाढायचा आणि डॉक्टरांच्या झोपेचं खोबरं! एवढ्यावर थांबतील? छे! बरे झाल्यावर तोच प्रयोग पुन्हा. आणि मग तिसऱ्यांदा! १९९४ मध्ये त्यांना कीटकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. (माइट हा कीटक नाहीच, आठ पायांचा, कोळ्याचा नातेवाईक. परीक्षकांनी तिकडे कानाडोळा केला असावा.)

मनीच्या कानात कॉफी पावडरसारखा काळपट चुरा दिसतोय? पहिला संशय याच मंडळींवर. गंमत म्हणजे दुखणं कानात, औषध मानेवर! सेलामेक्टिनचे थेंब मानेमागच्या कातडीवर टाकतात आणि ते अंगात भिनून कानापर्यंत पोहोचतात. डोस मात्र घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकदमच. नाहीतर किडे या कानातून त्या कानात!

कुत्र्याचा कान आतून कसा असतो, माहीत आहे का? आधी खाली, मग काटकोनात आत. चक्क इंग्रजी एल! पडदा त्या वळणाच्या पलीकडे. म्हणून आंघोळीचं पाणी आत गेलं की मुक्कामालाच. आणि तुमचं इअरबड? ते मळ काढत नाही, आणखी आत ढकलतं.

आता रेकॉर्ड! अमेरिकेतल्या टिगर नावाच्या ब्लडहाउंडचा उजवा कान ३४.९ सेंटिमीटर, डावा ३४.२. २००४ मध्ये मोजून थेट गिनीज बुकात. कंपासपेटीतली पट्टी पुरायची नाही! असे लोंबते कान दिसायला राजबिंडे, पण आत कायम दमट आणि गरम. कॉकर स्पॅनिअलवाल्यांना विचारा, विशेषतः जुलैत.

तरी सगळं कानावर ढकलू नका हं. कुत्र्याचा कान पुन्हा पुन्हा चिघळतो, त्यामागचा नंबर वन आरोपी आहे ॲलर्जी! धुळीतले माइट्स, परागकण, कधी वाडग्यातलं चिकनसुद्धा. त्वचा सुजते, मळ वाढतो आणि मग जंतू येतात पार्टीला. ॲलर्जी तशीच ठेवून नुसते ड्रॉप्स घातलेत, तर पुढच्या महिन्यात तोच कान, तीच खाज, तेच बिल.

पार्टीतली हमखास पाहुणी म्हणजे मॅलॅसेझिया नावाची यीस्ट. तेलकट तपकिरी मळ, आंबूस वास. एरवी त्वचेवर गुपचूप राहते. संधी मिळाली की कानामागून आली आणि तिखट झाली! कुत्र्यांच्या कानातली तिची जात पहिल्यांदा कुणाच्या अंगावर सापडली, माहीत आहे का? गेंड्याच्या! १९२५ मध्ये, एका भारतीय गेंड्याच्या सोलवटलेल्या कातडीवर.

दिवाळीच्या सुमारास मोतीला टेकडीवर नेता? कुसळं सांभाळा. टोकदार कुसळ कानात शिरलं की आतच सरकत जातं, मागे येत नाही. डोकं अचानक एका बाजूला कललं, एकच कान फडाफडा झटकणं सुरू झालं, तर व्हेट आजच गाठा. झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि कान टम्म फुगतो, ते वेगळंच.

आजीचं कोमट तेल? प्लीज, नको! व्हेट आधी ऑटोस्कोपने पडदा शाबूत आहे का ते बघतात. फाटक्या पडद्यातून काही औषधं आत उतरली तर बहिरेपण येऊ शकतं. मग मळाचा नमुना मायक्रोस्कोपखाली. यीस्ट की बॅक्टेरिया, त्यावर ड्रॉप्स ठरतात. म्हणून तर शेजारच्या टॉमीची उरलेली बाटली मोतीला चालत नाही.

वर्षानुवर्षं दुखणं रेंगाळलं तर कानाची नळी जाड, कडक होऊन बुजते. मग शेवटचा उपाय ऑपरेशन: अख्खी नळीच काढून टाकतात! ऐकू बरंच कमी येतं, पण रोजचं ठसठसणं संपतं. बाहेरची पाळी मात्र जागच्या जागी. सोसायटीतल्या बाकीच्या कुत्र्यांना पत्ताही लागत नाही!