पाठीवरचे खोटे डोळे

अमेरिकेच्या पूर्व भागात कुजक्या ओंडक्यावर बसलेला 'अलाउस ओक्युलेटस' हा क्लिक बीटल कुळातला भुंगेरा पहिल्यांदा बघणारा दचकतोच. लांबी अडीच ते साडेचार सेंटिमीटर, अंगावर पांढरे शिंतोडे आणि डोक्यामागच्या ढालीवर पांढऱ्या कडेचे दोन टपोरे काळे डोळे! ते नकली, खरे डोळे पुढे, मिशांच्या बुडाशी, बारीकसे.

पण नुसत्या या डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. 'अलाउस मायोप्स' या भाऊबंदालाही ते असतात, फक्त लहान, चिंचोळे, अंधुक कडेचे. क्लिक बीटलचं कूळ ओळखायचं ते ढालीच्या मागच्या टोकदार कोपऱ्यांवरून. उताणा केलात तर छातीखाली काटा दिसेल. तो मागच्या खाचेत सटकन शिरला की 'टक्' होतं आणि स्वारी हवेत उडते. पहिल्याच उडीत सुलटी पडेल याची मात्र खात्री नाही.