जीवशास्त्रज्ञांना संगणकाची अक्षरओळख

१९७२ साली परभणी येथे स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषि विद्यापीठाची कीर्ती ज्या वाणांनी जिल्ह्याबाहेर नेली, त्यांत ‘परभणी क्रांती’ ही भेंडी अग्रभागी आहे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा, शेतकरी ज्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात तो रोग एका विषाणूमुळे होतो व पांढरी माशी तो पसरविते. एके काळी या रोगापुढे टिकाव धरणारी ‘पुसा सावनी’ ही भेंडी कालांतराने त्याला बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी तिचा संकर भेंडीच्याच कुळातील एका निराळ्या जातीशी घडवून आणला, त्या संकराचा पुन्हा पुन्हा लागवडीच्या भेंडीशी संकर केला, आणि पिढ्यामागून पिढ्या निवड करीत रोगाला सहजी दाद न देणारे वाण सिद्ध केले. १९८६ साली ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात त्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. या कामाची मुख्य साधने होती शेतातील वाफा, पारखी नजर, नोंदवही आणि अपार धीर.

तथापि विषाणूही स्वस्थ बसत नाही. पुढे अनेक ठिकाणी या वाणाची प्रतिकारशक्तीही उणी पडत असल्याचे आढळू लागले. मग प्रश्न उभा राहतो तो असा, की त्या परक्या जातीकडून आलेला गुणसूत्राचा नेमका कोणता तुकडा भेंडीला वाचवीत होता? विषाणूत असा कोणता बदल झाला, की तो त्या तटबंदीतून आत शिरला? या प्रश्नांची उत्तरे केवळ वाफ्यात उभे राहून मिळत नाहीत. ती पेशीतील रासायनिक अक्षरांत लिहिलेली आहेत, आणि ती अक्षरे इतकी अफाट आहेत की संगणकावाचून ती वाचता येत नाहीत. हे वाचन करणारी विद्या म्हणजे जैवमाहितीशास्त्र, प्रचलित शब्दांत बायोइन्फर्मॅटिक्स. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला ही विद्या कशी अवगत करून द्यावी, हा विचार आता महानगरांतील संस्थांवर सोपवून चालण्यासारखा नाही.

ग्रंथ उघडे, वाचक थोडे

गेल्या काही वर्षांत जे घडले ते मराठवाड्याच्या शेतीच्या दृष्टीने असामान्यच म्हटले पाहिजे. २००९ साली ज्वारीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७३ कोटी अक्षरे आहेत. २०१० साली सोयाबीनचा, २०११ साली तुरीचा आणि २०१३ साली हरभऱ्याचा जनुकसंच जाहीर झाला. तुरीचे काम हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेच्या पुढाकाराने झाले, तसेच भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनीही ते स्वतंत्रपणे केले. आपल्या खरिपातील आणि रब्बीतील बहुतेक प्रमुख पिकांचे मूळ ग्रंथ अशा रीतीने छापून तयार आहेत. ते जगातील सार्वजनिक भांडारांत विनामूल्य ठेवलेले असून परभणीच्या विद्यार्थ्याला ते घरबसल्या उतरवून घेता येतात.

परंतु ग्रंथ हाती असणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे. महाराष्ट्राला ही विद्या परकी आहे असेही नव्हे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले, ते जगातही ही विद्या बाल्यावस्थेत असताना. डॉ. अशोक कोळस्कर यांनी ते नावारूपाला आणले. प्रथिनाच्या कोणत्या भागावर शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा प्रतिक्रिया देईल याचे अनुमान करणारी, कोळस्कर आणि टोंगावकर यांची १९९० साली प्रसिद्ध झालेली पद्धत आजही जगभर वापरली जाते. तथापि जे ज्ञान पुण्यात इतक्या लवकर रुजले, ते जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयांत त्या मानाने झिरपले नाही. तेथे वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी परिचय होतो तो बहुधा क्रमिक पुस्तकातील एखाद्या प्रकरणापुरता, परीक्षेत टिपा लिहिण्यापुरता.

केवळ संगणकतज्ज्ञ पुरेसा नाही

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. संगणकाचे काम संगणकतज्ज्ञाने करावे, जीवशास्त्रज्ञाने आपले शेत आणि आपली प्रयोगशाळा सांभाळावी. दोघांची सांगड घातली म्हणजे झाले! हा आक्षेप वरवर समंजस वाटतो. वस्तुतः या क्षेत्रातील पुष्कळशा चुका जेथे होतात ती जागा या दोघांच्या मधली असते.

एक उदाहरण घेऊ. नव्याने सापडलेल्या जनुकाची अक्षरे जगाच्या भांडारातील अक्षरांशी ताडून पाहणे ही या विद्येतील पहिली पायरी. संगणक क्षणार्धात जुळणाऱ्या नोंदी दाखवितो, आणि नवशिका सर्वांत वरची नोंद उतरवून घेऊन मोकळा होतो. पण लहानशा खेड्याच्या मतदार यादीत एखादे नाव जुळले तर माणूस सापडला असे म्हणता येते. तेच नाव साऱ्या राज्याच्या यादीत शोधले तर नावसारखी माणसे शेकड्यांनी निघतात. भांडार जितके मोठे, तितका योगायोगाचा संभव अधिक. शिवाय त्या वरच्या नोंदीला दिलेले नाव कोणी प्रयोगाने सिद्ध केले होते, की तेही दुसऱ्या एका नोंदीवरून उतरविलेले होते, हे पाहण्याची दृष्टी जीवशास्त्रज्ञाचीच.

दुसरे उदाहरण तुरीचे. तुरीत सुमारे ४८ हजार जनुके असल्याचा अंदाज आहे. मर रोगाने ग्रासलेल्या आणि निरोगी झाडांतील या सर्व जनुकांची तुलना करून, शंभरात पाचदा योगायोगाने चूक होऊ शकेल अशी प्रचलित कसोटी प्रत्येकाला लावली, तर एकाही जनुकावर रोगाचा परिणाम झालेला नसतानाही सुमारे २४०० जनुके ‘परिणाम झालेली’ म्हणून पुढे येतील! संख्याशास्त्रात याला उपाय आहेत. पण ते योजावे लागतात हेच ज्याला ठाऊक नाही त्याला संगणक आपण होऊन सावध करीलच असे नाही. रोगट झाडांची पाने सकाळी खुडली आणि निरोगी झाडांची दुपारी, तर दिसणारा फरक रोगाचा की उन्हाचा, हे जगातील कोणताही महासंगणक सांगू शकणार नाही.

तिसरे उदाहरण कचेरीत काम करणाऱ्यांना विशेष पटेल. ‘मार्च-वन’, ‘सेप्ट-टू’ अशी लघुनामे असलेली काही मानवी जनुके आहेत. एक्सेलच्या कोष्टकात ती लिहिली की संगणक त्यांना तारखा समजून बदलून टाकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या त्यांपैकी सुमारे एक पंचमांशांत असे दोष आढळले. अखेर २०२० साली त्या जनुकांचीच नावे बदलण्यात आली. चूक क्षुल्लक, पण ती करणारे जगातले नामांकित संशोधक होते.

शिक्षण कसे द्यावे?

या विद्येची तोंडओळख करून देण्यासाठी सामान्यतः दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा भरतात. उद्घाटन होते, व्याख्याने होतात, पडद्यावर कळा दाबून दाखविल्या जातात आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. पोहणे जसे काठावर बसून येत नाही तसे हेही येत नाही. शिकणाऱ्याच्या हातून चूक व्हावी, ती त्याला सापडावी आणि त्यानेच ती सुधारावी, यासाठी निदान एक सत्र तरी आठवड्यागणिक सराव हवा.

आरंभ मात्र लहान असावा, आणि तो आपल्याच शेतातून व्हावा. वर ज्या भेंडीच्या विषाणूचा उल्लेख केला, त्याच्या मुख्य जनुकीय घटकाची अक्षरे अवघी २७०० च्या आसपास आहेत. साधा संगणक त्याला पुरतो. निरनिराळ्या प्रांतांतून नोंदविलेले या विषाणूचे नमुने उतरवून घ्यावेत, शेजारी शेजारी मांडावेत, कोठे अक्षर बदलले ते पाहावे, त्यांची वंशावळ काढावी; पदवीच्या विद्यार्थ्याला एवढे काम सहज झेपेल. तेथून तुरीच्या मर रोगाकडे आणि ज्वारीतील लोह-जस्ताकडे वळावे. बदनापूरच्या संशोधन केंद्राने मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारे ‘बीएसएमआर ७३६’ हे तुरीचे वाण दिले. लोह व जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ साली प्रसारित झाली. ज्याचे दाणे विद्यार्थ्याच्या घरच्या कणगीत आहेत, त्याची अक्षरे वाचताना तो कंटाळणार नाही.

दुसरे असे, की विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षक तयार झाले पाहिजेत. एका शिक्षकाला सहा महिने भरपगारी मोकळीक देऊन पुण्याला पाठविले, तर तो पुढे कित्येक वर्षे शिकवील. तिसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलापुढे इंग्रजी, संख्याशास्त्र आणि संगणकाच्या आज्ञा असे तीन डोंगर एकदम उभे केले तर तो पहिल्याच डोंगराच्या पायथ्याशी बसतो. आज्ञा इंग्रजीतच राहतील; त्यामागचा विचार मराठीतून समजावून सांगणारी पुस्तके आपल्याला लिहिता येणार नाहीत काय?

साधनांच्या टंचाईची सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. या क्षेत्रातील बहुतेक महत्त्वाच्या आज्ञावली विनामूल्य आहेत, आणि अवजड गणिते दूरच्या यंत्रावर पाठवून करून घेता येतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञावलीही लिहून देते. त्यामुळे शिकण्याची गरज सरली असे ज्यांना वाटते त्यांनी वरची तीन उदाहरणे पुन्हा पाहावीत. उत्तर जितके चटकन मिळते, तितकी ते तपासणाऱ्याची जबाबदारी वाढते.

पारंपरिक पद्धतीने एखादे वाण सिद्ध होण्यास दहा-बारा वर्षे सहज लागतात. इष्ट गुणाचे जनुकीय चिन्ह ठाऊक असेल तर रोपाच्या कोवळ्या पानावरूनच निवड करता येते आणि यातील काही वर्षे वाचतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेखी ही वाचलेली वर्षे म्हणजे मर रोगाने हातची न गेलेली तूर होय. परभणीच्या संशोधकांनी वाफ्यातील झाड वाचण्यात आपले प्रावीण्य सिद्ध केलेच आहे. त्याच झाडाच्या पेशीतील मजकूर वाचण्यासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांना दरवेळी हैदराबादकडे वा परदेशाकडे पाहावे लागू नये, एवढी तरतूद विद्यापीठांनी, महाविद्यालयांनी आणि शासनाने करावयास हवी.