एकहाती

स्वीडनमधले प्रोग्रॅमर डॅनियल स्टेनबर्ग यांना अधूनमधून चमत्कारिक ईमेल येतात. कुणाच्या गाडीतला जीपीएस बंद पडलेला असतो, तर कुणाला आपलं इन्स्टाग्राम खातं याच माणसाने हॅक केलं अशी खात्री असते. स्टेनबर्ग यांचा गाड्यांशी काही संबंध नाही, इन्स्टाग्रामशी तर नाहीच. पण गाडीच्या पडद्यावर ‘परवाने’ नावाचं एक पान असतं, सहसा कुणी न उघडणारं. त्यावर त्यांचं नाव आणि ईमेल पत्ता छापलेला असतो, कारण त्या गाडीतलं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून माहिती आणण्यासाठी त्यांचं ‘कर्ल’ वापरतं. वैतागलेला गाडीमालक शोध शोध शोधतो आणि अख्ख्या यंत्रात त्याला माणसाचा असा एकच पत्ता सापडतो, तो यांचा.

कर्लचा जन्म अगदी किरकोळ गरजेतून झाला. १९९६ साली स्टेनबर्ग यांना गप्पांच्या एका चॅनेलवर चलनांचे दर सांगणारा बॉट हवा होता. रोजचे दर वेबवरून आणायचे कसे, तर ब्राझीलच्या राफाएल सागुला यांनी लिहिलेला ‘एचटीटीपीगेट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम हाताशी होता. त्यात थोडी भर घातली, मग आणखी थोडी, आणि लवकरच सगळा कारभारच यांच्याकडे आला. २० मार्च १९९८ रोजी ‘कर्ल’ या नावाने तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात जेमतेम २,२०० ओळी होत्या. आज दीड लाखाहून जास्त आहेत. मोबाइल, टीव्ही, गेम खेळायचे संच, छपाईयंत्रं, गाड्या सगळीकडे तो आहे. जगभर मिळून दोन हजार कोटींहून अधिक ठिकाणी तो बसवलेला असावा, असा स्टेनबर्ग यांचाच अंदाज आहे. २०१७ साली या कामासाठी त्यांना पोल्हेम पुरस्काराचं सुवर्णपदक स्वीडनच्या राजांच्या हस्ते मिळालं. त्या वेळीही कर्ल हे त्यांचं नोकरी सांभाळून चालवलेलंच काम होतं. पूर्णवेळ त्यावर काम करण्याचा पगार मिळू लागला तो २०१९ पासून.

एकट्याने लिहिलेल्या, फुकट वाटलेल्या अशा अवजारांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची बोलणी ऐकू येतात. एक कौतुकाचं, की बघा, एकट्याने केवढं उभं केलं. दुसरं संशयाचं, की फुकटचं आहे, भरवसा काय? दोन्ही बोलणी अवजार तयार होण्याच्या क्षणाबद्दल आहेत. माझ्या मते तो क्षण सगळ्यात कमी महत्त्वाचा. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते कळायला एकच कागद वाचावा लागतो, तो म्हणजे चेंजलॉग. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर काय बदललं, काय मोडलं होतं आणि कुणी दाखवून दिलं, याची ही यादी. ती कुणी हौसेने वाचत नाही. पण एखाद्या प्रोग्रॅमरची पारख करायची तर त्याच्या अवजाराची जाहिरात बाजूला ठेवावी आणि ही यादी उघडावी.

कर्लच्या ११ ऑक्टोबर २०२३ च्या ८.४.० आवृत्तीचंच पाहा. तिच्यात एक गंभीर सुरक्षा-दोष दुरुस्त झाला. दोष असा, की मधल्या एका प्रकारच्या प्रॉक्सीतून जाताना संगणकाचं नाव २५५ अक्षरांपेक्षा लांब असेल, तर कर्लने ते प्रॉक्सीकडे पाठवायचं नसतं, स्वतःच त्याचा पत्ता शोधायचा असतो. पण समोरून उत्तर यायला उशीर झाला की कर्ल हा निर्णय विसरायचा आणि ते लांबलचक नाव त्याला न पुरणाऱ्या जागेत कोंबायचा. उरलेली अक्षरं शेजारच्या स्मृतीवर सांडायची आणि तिथूनच हल्लेखोराला वाट मिळायची. हा कोड कुणाचा? खुद्द स्टेनबर्ग यांचा, २०२० सालचा. तो १,३१५ दिवस जगभर वापरात होता. त्यांनी हे सगळं सविस्तर लिहून जाहीर केलं. चूक कुठल्या बदलात शिरली, किती दिवस कुणाला दिसली नाही, आता वाचताना ती न दिसणंच कसं अशक्य वाटतं, आणि ती शोधून देणाऱ्याला किती बक्षीस दिलं, तेही. ज्यांच्याकडे कायदा विभाग आणि जनसंपर्क विभाग असतो अशा कंपन्यांकडून इतकं सरळ निवेदन फारसं वाचायला मिळत नाही.

याच स्टेनबर्ग यांना जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या अमेरिकी कंपनीचं पत्र आलं. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या दुसऱ्याच अवजारातल्या दोषाने जगभर धावपळ उडवली होती. तुमच्याकडे या दोषाबाबत काय केलंत, प्रश्नावली सोबत जोडली आहे, चोवीस तासांत उत्तर द्या, असा पत्राचा सूर. कंपनीने त्यांना कधी एक पैसाही दिलेला नव्हता. सेवा-करार करा, मग आनंदाने उत्तर देतो, असं त्यांनी कळवलं. त्यावर आलेल्या पत्रात कंपनीने त्यांना ‘डेव्हिड’ म्हटलं. ज्याच्यावर आपला डोलारा उभा आहे त्याचं नावही धड माहीत नाही!

डोलारा म्हटलं की ‘लेफ्ट-पॅड’ची गोष्ट आलीच. बिलाचा क्रमांक ७ असेल तर डावीकडे शून्यं लावून तो ००७ करायचा, एवढंच काम करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या अकरा ओळी. अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरने त्या ‘एनपीएम’ या सामाईक भांडारात ठेवल्या होत्या. त्याच्याच दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला, भांडाराने कंपनीची बाजू घेतली, आणि २२ मार्च २०१६ रोजी त्याने रागाने आपली अडीचशेहून जास्त पॅकेजेस काढून घेतली. त्या अकरा ओळींवर विसंबलेले जगभरचे प्रकल्प तयार होईनात. दोनेक तासांत भांडाराने त्या ओळी परत ठेवल्या आणि पुढे जावास्क्रिप्ट भाषेतच ती सोय आली. या गोष्टीवर लोक हसतात. मला त्यात विनोदापेक्षा हिशेब दिसतो. लाखोंनी ज्या ओळी वापरल्या, त्यांच्या मालकाशी बोलायची वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूने कुणी नव्हतं.

‘एक्सझेड’ची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. फाइली आकसून लहान करणारं हे अवजार फिनलंडचे लासे कॉलिन बरीच वर्षं एकटे सांभाळत होते. २०२२ मध्ये त्यांच्यावर तक्रारींचा मारा सुरू झाला: नवी आवृत्ती कधी, दुरुस्त्या का अडल्या आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. तक्रारदारांत ‘जिगर कुमार’ नावाचा एक जण होता. हे नाव आणि त्यामागचा माणूस दोन्ही बनावट असावेत, असं आता मानलं जातं. कॉलिन यांनी उत्तरात आपल्या मानसिक स्वास्थ्याच्या अडचणी सांगितल्या आणि हा बिनपगारी छंद आहे याचीही आठवण करून दिली. त्याच सुमारास ‘जिया तान’ नावाचा एक गुणी मदतनीस पुढे आला. त्याने दोनेक वर्षं चोख काम केलं, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले आणि २०२४ च्या सुरुवातीला अवजारात चोरवाट पेरली. ती जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर पोचणार, एवढ्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतोय असं जाणवलं. त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकरण जाहीर केलं. चोरवाट कोडमध्ये होती, पण ती शिरली एका थकलेल्या माणसाच्या एकटेपणातून.

आता जरा घराजवळ येऊ. मराठी दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत ऑगस्टपासून एका ऑनलाइन अवजाराशिवाय पान हलत नाही, ते म्हणजे फाँट कन्व्हर्टर. लेखक मजकूर पाठवतो युनिकोडमध्ये. डीटीपीवाल्याचं काम श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये, अनेकदा अजूनही पेजमेकरवर, आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नाही. मग मजकूर इकडून तिकडे न्यायचा. जुना अंक वेबवर टाकायचा तर उलट प्रवास.

हे काम दिसतं अक्षरामागे अक्षर बदलण्याचं. अडतं ते क्रमापाशी. जुने फाँट अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये तो असा साठवलेला असतो: आ, मग ऱ्हस्व वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडला हवा असतो असा: आ, मग र् म्हणजे रफार, मग थ, मग वेलांटी, मग क. म्हणजे वेलांटी थ च्या पुढे न्यायची आणि रफार थ च्या मागे आणायचा. कन्व्हर्टरने वेलांटी हलवली आणि रफार होता तिथेच ठेवला, तर तो पुढच्या क वर जाऊन बसतो आणि शब्द होतो ‘आथिर्क’. जुन्या मराठी बातम्या इंटरनेटवर वाचणाऱ्यांनी ‘आथिर्क’, ‘धामिर्क’, ‘निमिर्ती’ पाहिलेच असतील. ते टंकणाऱ्याचं अज्ञान नव्हे. कुणाच्या तरी प्रोग्रॅममधली एक ओळ कमी पडलेली असते.

दुसरी गोम खास मराठी. हिंदीसाठी लिहिलेल्या कन्व्हर्टरला अर्धा ऱ कसला ते माहीतच नसतं. त्यामुळे ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, ‘पुढाऱ्यांचा’चा ‘पुढार्यांचा’. दऱ्या आणि दर्या यांत डोंगरापासून समुद्रापर्यंतचं अंतर आहे, आणि आचाऱ्यांना बोलावलं की आचार्यांना, यावर पंगत अवलंबून! हे सगळे नियम कुणीतरी एकेक करून ओळखून लिहावे लागतात. विनोद राजन यांचं ‘अक्षरमुख’ एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत नेऊन देतं. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने मराठी संकेतस्थळांवर रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिण्याची सोय केली. या दोन्हींमागे एकेक माणूस आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ती सामान्य माणसाच्या बोटांपर्यंत आली ती अशा फावल्या वेळात केलेल्या कामांमुळेही.

पोटापाण्याचं काय? मूळचे युक्रेनचे इव्हान कुत्स्किर यांचं ‘फोटोपी’ ब्राउझरमध्येच फोटोशॉपच्या फाइली उघडतं. २०१३ पासून ते चाललं आहे आणि जाहिरातींवर त्यांचा चरितार्थ होतो. हा अपवाद. आपल्याकडे झिरोधा या शेअर-दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. कंपनीचे तंत्रप्रमुख कैलाश नाध स्वतः अशी अवजारं लिहिणारे आहेत. ईमेल-वार्तापत्रं पाठवणारं ‘लिस्टमंक’ त्यांचंच, इंग्रजी-मल्याळम कोश ‘ओळम्’ही त्यांचाच. ज्याने स्वतः ओझं वाहिलंय त्यालाच हे सुचावं, याचं मला नवल वाटत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यापासून अवजार तयार करणं संध्याकाळभराचं काम झालं आहे. वेबसाइटी उभारायच्या ‘जँगो’ या अवजाराच्या निर्मात्यांपैकी एक असलेले सायमन विलिसन यांनी अशी छोटी वेब-अवजारं शंभरावर करून ठेवली आहेत. ती कशी करून घेतली, यंत्राला काय सांगितलं, हेही ते उघड मांडतात. हा चांगला परिणाम. वाईट परिणाम पुन्हा स्टेनबर्ग यांच्या दारात दिसतो. यंत्राकडून लिहून घेतलेले, ऐटबाज भाषेतले, पण प्रत्यक्षात नसलेल्या दोषांचे अहवाल त्यांच्याकडे इतके येऊ लागले की २०१९ पासून चालवलेली दोष-बक्षीस योजना जानेवारी २०२६ अखेर त्यांनी बंद केली. लिहिणं स्वस्त झालं, वाचून खरंखोटं करणं मात्र त्याच दोन डोळ्यांवर राहिलं.

म्हणून वाचकांना थोडं सांगतो. अनोळखी ऑनलाइन अवजारात घराची कागदपत्रं किंवा आधार टाकण्याआधी पान उघडून इंटरनेट बंद करा. तरीही काम झालं, तर तेवढं काम तुमच्याच यंत्रावर झालं; अडलं, तर फाइल कुणाच्या तरी सर्व्हरवर जाते असं धरून चाला. चेंजलॉगमधली शेवटची तारीख बघा, आणि अवजार रोज लागत असेल तर देणगीचं बटन दिसतंय का तेही बघा. कन्व्हर्टरमधून ‘आथिर्क’ बाहेर पडलं, तर हाताने दुरुस्त करून गप्प बसू नका. मूळ फाँटचं नाव, टाकलेली ओळ, मिळालेली ओळ आणि हवी असलेली ओळ, एवढ्या चार गोष्टी त्याच्या कर्त्याला लिहून पाठवा. आणि पाठवण्याआधी त्याचं नाव एकदा तपासून घ्या.